डॉक्टर असं म्हणालेच नव्हते

आमच्या गावच्या विहिरीचं पाणी इतकं खारट आहे की त्यात वरण शिजत नाही आणि चहा टाकला तर दूध नासतं. पूर्णेच्या काठचा हा सगळा खारपाण पट्टा. प्यायचं पाणी जारमधून येतं, वापरायचं बोअरचं. अशा गावातल्या बाईच्या रक्तातलं मीठ कमी होऊन ती आयसीयूत पोचली, हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं ते आधी हसले. हसोत बापडे. मीही आता कधीकधी हसते. पण माझ्या दुखण्यात मीठ-पाणी हा अर्धाच भाग होता, आणि उरलेल्या अर्ध्यावर मला अजून हसू येत नाही.

हे लिहिते आहे ते ज्यांना लक्ष टिकण्याच्या गोळ्या नुकत्याच सुरू झाल्यात त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठी. घरच्यांनी जरा जास्त नीट वाचावं.

वेंधळी

माझं नाव वंदना. मलकापूरपासून आत, नदीच्या अंगाला आमचं गाव. ओसरीवर मशीन टाकून मी ब्लाउज शिवते. हात चांगला आहे असं बायका म्हणतात, आणि लगेच पुढे म्हणतात, "पन टायमावर देशीन तं शपथ." एकीची बाही कापता कापता दुसरीचे हूक आठवायचे, हूक शोधायला उठले की गॅसवरचं दूध आठवायचं, दुधाकडे जाताना दारात कोणी दिसलं की मी तिथेच उभी. तोवर दूध उतू गेलेलं असायचं आणि बाही कुणाची होती तेही डोक्यातून गेलेलं असायचं. शाळेत मास्तर विचारायचे, लक्ष कुठे आहे? आई तेच विचारायची. लग्न होऊन आले तर सासूबाईंनीही आठवड्याच्या आत तेच विचारलं. माहेर-सासरनं मिळून एकच प्रश्न पाठ केला होता म्हणा ना.

फक्त ह्यांनी कधी विचारला नाही. हे म्हणजे माझे यजमान, विलास. आमची थोडी शेती आहे आणि ह्यांची मालाची एक गाडी आहे. गाडी काढून निघाले तरी हे फाटकापासून परत येऊन गॅस बंद आहे का बघायचे. बँकेतले साहेब काय बोलले, मुलीच्या होस्टेलवाल्यांनी काय मागितलं, कुणाचं लग्न कोणत्या तिथीला, सगळं ह्यांच्या लक्षात. मी सगळ्यांसमोर सांगायची, माझं डोकं मी ह्यांच्याकडे ठेवायला दिलंय. हे लाजायचे. मला त्या लाजण्याचा अभिमान होता.

मग एक दिवस मी इस्त्री तशीच टेकवून दारात भाजी घ्यायला गेले. परत येते तो एका नवरीच्या ब्लाउजच्या पाठीला इस्त्रीच्या आकाराचं भोक पडलेलं. नवरीची मावशी शाळेत शिकवते. ती आली तेव्हा मी जीव मुठीत धरून उभी होते. ती ब्लाउज सोडून माझ्याकडेच बघत राहिली.

"तुमचं नेहमीच असं होते काय हो?"

मी रडायलाच लागले. तिने मला बसवलं. तिच्या भाच्याचं अगदी असंच होतं, त्याला औषधानं फरक पडला, बुलढाण्याला डॉक्टर आहेत, असं सांगितलं. ब्लाउजचं काय ते ती नंतर बोललीच नाही.

पंख्याचं वाकडं पातं

डॉक्टर मानसोपचाराचे. म्हणून घरात सासूबाईंना सांगितलं की मणक्याला दाखवायला चाललोय. राजूर घाट चढून बुलढाण्याला पोचलो. गाडी लावताना म्हणाले, "कोनाले सांगू नको बरं. लोकं येडी म्हनतीन."

डॉक्टरांनी पुष्कळ विचारलं. शाळेतलं, घरातलं, झोपेचं, शिवणाचं. शेवटी पेन खाली ठेवून म्हणाले, "हा आळस नाही आणि हलगर्जीपणाही नाही. याला एडीएचडी म्हणतात. लक्ष एका जागी धरून ठेवायला मेंदूला जास्त कष्ट पडतात. लहानपणापासून असणार तुम्हाला, ओळखलं कुणी नाही इतकंच."

चाळिशी ओलांडल्यावर कुणीतरी पहिल्यांदा सांगत होतं की चूक माझी नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता. मला आला राग. मास्तरांचा, आईचा, उतू गेलेल्या सगळ्या दुधाचा.

मग ते गोळीबद्दल बोलू लागले. डोक्यावरच्या पंख्याचं एक पातं वाकलेलं होतं आणि दर फेरीला तो टक्‌ असा आवाज करायचा. मी त्याच्याकडे बघत होते. पण मी ऐकतही होते. माझ्यासारख्यांना असं जमतं, उलट डोळ्यांना काही काम असलं की कान बरे चालतात. डॉक्टर म्हणाले, भूक मंदावेल, तरी जेवण सोडू नका. रक्तदाब मधून मधून तपासून घ्या. तोंड कोरडं पडेल. "तोंड कोरडं पडणं वेगळं आणि तहान लागणं वेगळं. तोंड कोरडं पडलं तर चूळ भरा, बडीशेप चघळा. तहान लागली तर पाणी प्या, तहान भागेल इतकं."

हे सगळं मला ऐकू आलं होतं. चूळ आणि बडीशेप तर त्यांच्या आवाजासकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी हातावर ठेवताना हे म्हणाले, "ह्या गोयीवर दिवसाले सहा लिटर पानी पायजे म्हने डॉक्टर. अन् मीठ बंद."

मी म्हणाले, "ते तर तहान लागीन तसं म्हनले ना? अन् बडीशेपचं काहीतरी..."

"तुह्यं लक्ष होतं काय तिथं? तू तं पंख्याकडे पाहून राह्यली होती."

पाहत होते हे खरंच होतं. मी गप्प बसले आणि पाणी प्यायले.

बाटल्या

गोळीचा गुण आधी सांगते, कारण तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी एक ब्लाउज कापायला घेतला आणि मान वर केली तेव्हा तो शिवून, हूक लावून, घडी घालून समोर होता. मधे उठलेच नव्हते. डोक्यातला आठवडी बाजार उठून गेला होता. मी उगाच घरभर फिरून आले, कुठे काही राहिलंय का बघायला. काही राहिलं नव्हतं. ओसरीवर बसून मी ब्लाउज मांडीवर घेतला आणि एकटीच रडले. बरं वाटून.

हे मात्र त्या दिवसांत वेगळेच वागत होते. थंड पेयाच्या दोन-दोन लिटरच्या तीन रिकाम्या बाटल्या ह्यांनी धुऊन घेतल्या, जारमधून भरल्या आणि ओळीने मशीनजवळ मांडल्या. एक न्याहारीपर्यंत, एक दुपारपर्यंत, एक संध्याकाळपर्यंत. गाडीवर असले तरी फोन यायचा. "झाली काय पहिली?" झाली म्हटलं की "शाब्बास" म्हणायचे. इतकी काळजी करणारा नवरा मिळाला म्हणून शेजारच्या बायका माझं कौतुक करत होत्या. मीही करत होते.

मिठाचं सांगायचं तर आमच्या घरात ते आधीपासूनच बेताचं. आमच्या भागात किडनीचं नाव निघालं की लोक आवाज बारीक करतात. माझे थोरले दीर त्याच दुखण्यानं गेले. तेव्हापासून लोणचं-पापड बंद आणि भाजीत मीठ नावाला. आता माझ्या ताटात तेवढंही नाही. बिनमिठाची भाजी आणि गोळीमुळे मेलेली भूक, मी अर्ध्या भाकरीवर उठायला लागले. वर उन्हाळा. आणि पोटात नुसतं पाणी.

डोकं दुखायला लागलं. सकाळी उठल्या उठल्या मळमळायचं. बोटं सुजल्यासारखी वाटायची, अंगठी निघेना. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "पानी कमी पडून राह्यलं." म्हणून मी आणखी प्यायले. डोकं आणखी दुखलं. एकदा मी हिंमत करून पुन्हा विचारलं, डॉक्टरांना फोन तरी करू या का. हे बाटलीचं झाकण उघडून माझ्या हातात देत म्हणाले, "मी आयकलं ना माह्या कानानं. तू काऊन टेन्शन घेते?"

मी टेन्शन घेतलं नाही. घ्यायला हवं होतं.

माझी आई समोर बसली होती

त्या दिवसाचं मला फार थोडं आठवतं. दुपारी एक बाई माप द्यायला आली होती. मी टेप हातात घेतला आणि त्यावरचे आकडे वाचता येईनात. ओळखीचे होते पण कशाचे ते कळेना. पुढचं तिच्याकडून समजलं. मी तिला "आई, तू केव्हा आली?" असं विचारलं. माझ्या आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली. ती बाई घाबरून सासूबाईंना हाक मारायला उठली, तेवढ्यात मी मशीनवरून खाली पडले आणि मला झटके आले.

ह्यांनी मला गाडीच्या मागच्या भागात गादी टाकून मलकापूरला नेलं. वाटेतही एक झटका आला म्हणे.

जाग आली ती आयसीयूत. जीभ चावली गेली होती, हातांना नळ्या होत्या, आणि माझी थोरली बहीण पायाशी उभी राहून साडीच्या पदरानं डोळे पुसत होती. ताई मलकापुरातच राहते. तिला बघून मला वाटलं मी तिच्याकडे पाहुणी आले आहे, आणि मी विचारलं, चहा झाला का?

तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आवाज ठाम. त्यांनी सोपं करून सांगितलं. अंगात पाणी इतकं झालं की रक्तातलं मीठ पातळ पडलं, त्यानं मेंदूला सूज आली, म्हणून झटके. मीठ हळूहळू वर आणावं लागतं, घाई केली तर त्यानंही इजा होते. तोवर पाणी मोजून. दिवसाला थोडंसं, तेही घोट घोट.

झाली पंचाईत. इतके दिवस पाणी नको नको झालं होतं आणि आता ओठ तडकत होते तर मिळत नव्हतं. तिथे एक मावशी होत्या, चादरी बदलणाऱ्या. त्या जाता येता ओल्या कापसाचा बोळा माझ्या ओठांवरून फिरवायच्या आणि "आता बरी होशीन बाई" म्हणायच्या. कापूस फिरला की मी डोळे मिटून घ्यायची. तो कापूस अजून आठवतो. आणि दुसरं आठवतं ते ताईच्या घरचं वरण. तिसऱ्या दिवशी खायला परवानगी मिळाली तेव्हा तिनं नेहमीसारखं मीठ घालून आणलं होतं. पहिल्या घासाला मी थांबले. मीठ असलेलं वरण काय असतं हे मी विसरले होते.

फोन

सगळ्यांनी दोष दिला तो गोळीला.

ताई म्हणाली, "कायच्या गोया खाऊन राह्यली होती तू? फेकून दे त्या." सासूबाईंचा फोन आला, त्यांना आता मणक्याची थाप समजली होती, त्या रडून म्हणाल्या, "डोक्शाच्या गोया चांगल्या नसतात माय." आणि हे कॉटजवळ पिशवी धरून उभे होते, ते म्हणाले, "मी पहिल्यापासून म्हनून राह्यलो होतो."

असं ते कधीच म्हणाले नव्हते. निदान मला आठवत नव्हतं. पण माझ्या आठवणीवर विसंबणारी मी कोण?

मी पडल्या पडल्या एवढाच विचार करत होते की गोळी गेली. मांडीवर घडी घालून ठेवलेला तो ब्लाउज गेला. आता पुन्हा तोच बाजार आणि तोच प्रश्न, मरेपर्यंत. झटक्यांपेक्षा मला त्याची भीती जास्त वाटत होती, आणि हे कुणाला बोलून दाखवलं असतं तर मला खरंच वेडी म्हणाले असते.

डॉक्टरीणबाई राउंडला आल्या. त्यांनी विचारलं, "इतकं पाणी का पीत होतात?"

मी म्हणाले, "बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. सहा लिटर. आणि मीठ बंद."

त्यांच्या कपाळाला आठी पडली. "असं कसं सांगतील? थांबा, मला तसंही त्यांच्याशी बोलायचंच आहे." त्यांनी तिथेच उभ्या उभ्या फोन लावला, आणि मलाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. आधी दोघांचं इंग्रजीत काहीतरी झालं. मग बुलढाण्याच्या डॉक्टरांचा आवाज मराठीत आला. "छे हो. मी उलट सांगितलं होतं. तोंड कोरडं पडलं तर चूळ भरा, बडीशेप चघळा, आणि तहान लागेल तेवढंच प्या. मिठाचा तर विषयच नव्हता. रक्तदाब तपासत राहा एवढं म्हणालो होतो. वंदनाताईंचे मिस्टर होते ना बरोबर? त्यांना विचारा, त्यांच्या लक्षात असेल."

चूळ. बडीशेप. शब्द न् शब्द.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पिशवीच्या बंदाकडे बघत होते.

मला काय वाटलं ते सरळ सांगते. आधी वाटला आनंद. मला ऐकू आलं होतं! पंख्याकडे बघत असताना मी एकेक अक्षर बरोबर ऐकलं होतं, बरोबर लक्षात ठेवलं होतं. तो आनंद क्षणभर टिकला. त्याच्या मागोमाग दुसरं कळलं, की सहा लिटर आणि मीठ बंद हे ह्यांनी स्वतःच रचलं होतं.

डॉक्टरीणबाई गेल्या. ताईला काय ते समजलं, ती बाहेर जाऊन बसली.

"काऊन?" मी विचारलं.

ह्यांनी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "दादाले गोयांनीच खाल्लं वंदना. कंबर दुखते कंबर दुखते म्हनून रोज एक गोयी. किडनी कवा गेली समजलंच नाई. तू गोयी सुरू केली अन् मले दादाच दिसे. वाटलं, पानी भरपूर गेलं तं गोयी धुऊन निघते. गावात सारेच म्हनतात तसं."

"मंग मले तसं सांगायचं ना. मले भेव वाटते म्हनून सांगायचं."

"तू आयकलं असतं काय?"

नसतं ऐकलं. मी डॉक्टरांना फोन केला असता, त्यांनी किडनीची तपासणी करून दोघांची समजूत घातली असती, आणि ती भीती तिथेच मिटली असती. तेवढंच व्हायला हवं होतं. पण मी नुसतं ह्यांचं ऐकणार नाही हे ह्यांना माहीत होतं, म्हणून ह्यांनी डॉक्टरांचं नाव पुढे केलं.

ह्यांची भीती मला समजली. तेव्हाही समजली, आजही समजते. दिरांना डायलिसिसला अकोल्याला ह्यांनीच नेलं-आणलं, ह्यांच्याच गाडीतून. भित्या माणसाचा मला राग नाही. पण मला गप्प करायला ह्यांनी नेमकं काय वापरलं? जगानं आयुष्यभर मला जे ऐकवलं, आणि ह्यांनी एकट्यानं कधीच ऐकवलं नव्हतं, तेच. माझं दुखणंच माझ्याविरुद्ध वापरलं. आणि मी पडल्यावर, खरं माहीत असून, सगळ्यांना गोळीला शिव्या घालू दिल्या. मी ह्यांच्याकडे डोकं ठेवायला दिलं होतं. ह्यांनी त्याचं हे केलं.

त्यानंतर हॉस्पिटलात मी ह्यांच्याशी बोलले नाही. जेवणाचा डबा घ्यायची, मान हलवायची, संपलं.

ताईकडे

सुटी मिळाल्यावर मी गावी गेले नाही. ताईकडे राहिले. तिचं घर स्टेशनच्या अंगाला, गाड्यांचा धडधडाट दिवसभर. माझं डोकं पुन्हा सैरभैर झालं होतं, कारण गोळी तूर्त बंद होती. ताईचं दूध मी दोनदा घालवलं. तिनं काही न बोलता पातेलं घासलं.

पण एक दिवस भांडण झालंच. ती म्हणाली, "नवऱ्यानं जीव लावला म्हनूनच केलं ना त्यानं? दारू नाई, मारझोड नाई. किती दिवस असं तोंड फुगवून बसशीन?"

मी म्हणाले, "ताई, त्यांनी मले मारलं असतं तं तू त्यांले घरात घेतलं नसतं."

"मंग?"

"मंग मले हे मारन्यासारखंच लागलं."

ती भाजी निवडत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "मी बी तुले लहानपनी लय बोलली. ध्यान नाई, ध्यान नाई करून." आणि पुढ्यातली मेथी माझ्याकडे सरकवली. माझ्याच्यानं निवडून होणार नाही हे माहीत असूनही सरकवली.

हे रोज संध्याकाळी यायचे. ओसरीत बसायचे, चहा प्यायचे, जायचे. एकदा म्हणाले, "चुकलं माह्यं." खरंच चुकलं असं वाटत होतं त्यांना, चेहऱ्यावर दिसत होतं. मी "हाव" म्हणाले. माफ केलं असं म्हणता येईना, आणि नाही असंही म्हणवेना.

पाण्याबद्दल, एकदाच

गोळी पुन्हा सुरू करायची का हे ठरवायला मी एकटी बुलढाण्याला गेले. एसटीनं. डॉक्टरांनी विचारलं, "सोबत?" मी म्हणाले, "कोणी नाही. जे सांगायचं ते मला सांगा." त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि तसंच केलं. मधे मधे थांबून, "आता तुम्ही मला सांगा, मी काय म्हणालो?" असं विचारत राहिले. मी सांगत गेले. पंखा दुरुस्त झाला होता, तरी मी त्याच्याकडेच बघून सांगितलं.

ते जे म्हणाले ते माझ्या शब्दांत देते. गोळीवर असताना पाण्याचा वेगळा कोटा नसतो. धडधाकट माणसाला दिवसभरात मिळून दोन-अडीच लिटर साधारण पुरतं, आमच्याकडच्या उन्हाळ्यात किंवा घाम गळेल असं काम असेल तर थोडं जास्त, आणि मोजमाप करायचं ते आपल्या तहानेनं. लघवी फिकट पिवळी असली की ठीक. गडद झाली तर पाणी कमी पडतंय. सारखी पाण्यासारखी पांढरीच होत असेल आणि तरी आपण पीतच असू, तर थांबायचं. एका बैठकीत बाटली संपवायची नाही. गोळी पाण्यानं धुऊन निघत नाही, ती तिच्या वेळेनं जाते. या गोळीमुळे काहींना तहानेचं भान राहत नाही आणि पाणी प्यायचं राहून जातं, तेही वाईटच, त्यांनी जेवताना आणि कामातून उठताना आठवणीनं प्यावं. जेवण टाळू नये. मीठ आपल्या मनानं बंद करू नये. आणि डोकं दुखतंय, मळमळतंय, बोलणं बरळल्यासारखं होतंय, असं दिसलं तर आणखी पाणी पाजत बसू नये, दवाखाना गाठावा. ज्यांना किडनीचं, हृदयाचं दुखणं आहे किंवा दुसरी औषधं चालू आहेत त्यांचा हिशेब निराळा, तो त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावा. स्वतः विचारावा.

माझी किडनी त्यांनी तपासून घेतली होती. उत्तम आहे. गोळी सुरू केली, आधीपेक्षा लहान. रक्त अधूनमधून तपासायचं आहे.

स्टँड

परतीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली नाही. घाट उतरेपर्यंत अंगाचं पाणी पाणी झालं. मलकापूरच्या स्टँडवर उतरले तर हे उभे होते. ताईनं सांगितलं असणार. शर्ट इस्त्रीचा होता, आणि काखेत पाण्याची बाटली, लहान, एका माणसाची.

"काय म्हनले डॉक्टर?"

मी सगळं सांगितलं. पाण्याचं, मिठाचं, किडनीचं, गोळी सुरू केल्याचं. हे मान हलवत ऐकत होते. किडनीचं ऐकताना ह्यांचे डोळे भरले, ते मला दिसलं.

मग म्हणाले, "असंच म्हनले ना नक्की? का एकदा फोन करून विचारू?"

तोंडातून गेल्यावर ह्यांच्याच ध्यानात आलं. चेहरा उतरला. मी पर्समधून माझा फोन काढला, डॉक्टरांचा नंबर समोर आणला आणि ह्यांच्या हातात दिला.

"विचारा."

हे फोनकडे बघत राहिले. एक एसटी आली, लोक उतरले, चढले, ती गेलीसुद्धा. ह्यांनी फोन मला परत दिला. मग बाटली पुढे करता करता मधेच हात आखडला आणि हळूच विचारलं, "तहान लागली काय?"

त्या बाटल्यांच्या दिवसांत ह्यांनी मला किती पाणी पाजलं असेल. हे मात्र कधी विचारलं नव्हतं.

लागली होती. घसा सुकून गेला होता.

"नाई," मी म्हणाले, आणि ह्यांना तिथेच सोडून स्टँडच्या पाणपोईवर गेले. दोन ग्लास प्यायले, भागली, थांबले.